चित्रातलं जहाज आणि अर्धवेळ कप्तान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील नव्या संधी'. वीसेक वर्षं मी त्याच क्षेत्रात नोकरी करते आहे, म्हणून त्यांचंही बरोबर होतं. पण त्या विषयावर बोलणारे आज पैशाला पासरी मिळतात. म्हणून परवानगी घेऊन मी विषय बदलला. आज मी शिडाच्या जहाजाबद्दल बोलणार आहे, आणि तसली जहाजं चालवणाऱ्या कप्तानांबद्दल.

काही जण हसताहेत. साहजिक आहे. फैजपूरला कुठला आलाय समुद्र? आपल्याकडे पाणी म्हणजे तापी, विहीर, ट्यूबवेल आणि केळीच्या बागेतलं ठिबक. पण ज्या जहाजाबद्दल मी बोलणार आहे, त्याचा आराखडा आपल्या शेजारीच आहे. इथून दीड-दोन तासांच्या वाटेवर, अजिंठ्याच्या लेण्यांत.

आपण सगळेच शाळेच्या सहलीत अजिंठ्याला गेलोय. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांना आठवतो, कारण तो पुस्तकातही होता. मग 'चला रे, रांगेत चला' असं ऐकत आपण पुढे सरकलो. दुसऱ्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे, ते फार थोड्या जणांना आठवत असेल. त्या जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत, त्यांवर उभी शिडं आहेत. मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही आहेत, नाळेवर डोळा रंगवलेला आहे आणि वर ओळीनं ठेवलेले रांजण आहेत. हे चित्र इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं. अभ्यासक सांगतात की ही पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची बौद्ध कथा आहे. हा पूर्ण शूर्पारक बंदराचा. शूर्पारक म्हणजे आजचं नालासोपारा. मुंबईच्या लोकलमध्ये ज्यांनी धक्के खाल्लेत, त्यांना ते स्टेशन चांगलंच ठाऊक असेल. पूर्णाच्या भावाचं जहाज चंदनाचं लाकूड घेऊन येताना वादळात सापडतं आणि पूर्ण त्याला वाचवतो, अशी ती कथा.

म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात बसून कुणीतरी समुद्रावरचं जहाज काढलं, आणि चांगलं बारकाईनं काढलं. समुद्र इथून लांब होता, पण परका नव्हता.

या चित्रावरून भारतीय नौदलाने खरं जहाज बांधून घेतलं. त्याचं नाव 'कौंडिण्य'. प्राचीन काळी समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेल्या एका भारतीय दर्यावर्दीचं हे नाव. कल्पना मांडली अर्थतज्ज्ञ संजीव सन्याल यांनी. जुलै 2023 मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली 'होडी इनोव्हेशन्स' ही कंपनी यांच्यात करार झाला आणि त्याच वर्षी 12 सप्टेंबरला जहाजाचा कणा बसवला. फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झालं.

या जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, त्या शिवलेल्या आहेत. फळीला फळी भिडवायची, कडेनं भोकं पाडायची आणि काथ्याच्या दोरीनं ती कातड्यासारखी शिवत जायची. सांध्यात नारळाचा काथ्या दाबून भरायचा आणि वरून राळ लावायची. खाऱ्या पाण्यात लोखंडी खिळा गंजतो आणि आजूबाजूचं लाकूडही खातो. काथ्याला गंज नाही. शिवलेलं जहाज लाटेबरोबर थोडं लवतं, थोडं अंग देतं. अरबी समुद्रात शेकडो वर्षं अशीच जहाजं फिरत होती. पुढे खिळ्यांची जहाजं आली, मग लोखंडाची आली आणि शिवणारे हात कमी होत गेले. 'कौंडिण्य'चं बांधकाम केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी केलं. हजारो टाके त्यांनी हातानं घातले.

आता इंजिनिअर म्हणून मला यात काय दिसलं, ते सांगते. आमच्या धंद्यात कधी कधी एखादी फार जुनी प्रणाली हाती येते. बनवणारे केव्हाच सोडून गेलेले असतात. कागद नाहीत, मूळ कोड सापडत नाही. हाती राहतो तो पडद्याचा एक फोटो. आणि साहेब म्हणतात, 'हे परत चालू करून द्या.' अजिंठ्याचं चित्र म्हणजे तसाच फोटो आहे. त्यात माप नाही, फळीची जाडी नाही, पाण्याखालचा आकार नाही. डोलकाठीवर वारा किती जोर टाकेल, याचं गणित नाही. चित्रकाराला कथा सांगायची होती, बांधणीचं पुस्तक लिहायचं नव्हतं. म्हणून नौदलाच्या आणि आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या लोकांनी जहाजाचा आकार नव्यानं मांडला, छोटी प्रतिकृती करून पाण्यात तपासली आणि मगच काम पुढे गेलं. पण टाका कसा घालायचा आणि दोरी किती ओढायची, हे आयआयटीत शिकवत नाहीत. ते बाबू शंकरन यांच्यासारख्यांच्या हातात होतं. चित्र, गणित आणि हात, या तिघांपैकी एक जरी नसतं तरी जहाज उभं राहिलं नसतं.

जहाज तर झालं. पण चालवणार कोण? मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते या प्रश्नानं. अशा जहाजाचा अनुभव असलेला कप्तान आज जगात आणायचा कुठून? 'कौंडिण्य'ला इंजिन नाही. चौकोनी शिडं आहेत आणि चक्राऐवजी सुकाणूची वल्ही आहेत. जे लोक त्यावर गेले ते सगळे नौदलाचे, म्हणजे पोलादी, इंजिनाच्या जहाजांवर तयार झालेले. स्किपर होते कमांडर विकास शेओरान, आणि त्यांच्यासोबत इतर अधिकारी आणि तेरा नौसैनिक. स्वतः सन्यालही गेले होते, पेशानं अर्थतज्ज्ञ असलेला माणूस. यांतल्या कुणाचाच प्राचीन जहाज चालवणं हा रोजचा धंदा नव्हता. सगळे आपापलं काम सांभाळून दुसरी जबाबदारी घेतलेले. एका अर्थानं सगळेच अर्धवेळ.

29 डिसेंबर 2025 रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि 14 जानेवारी 2026 रोजी ओमानच्या मस्कत बंदरात पोहोचले. हिवाळ्यात आपल्याकडून अरबस्तानाकडे ईशान्येचे वारे वाहतात, जुने व्यापारी त्याच वाऱ्यावर जात. चौकोनी शिडाचं जहाज वारा पाठीशी असला तर छान पळतं, पण वाऱ्याच्या तोंडावर त्याचं फारसं काही चालत नाही. त्यामुळे निघायचं केव्हा, हा अर्धा निर्णय ऋतूच घेतो. राहिलेला अर्धा कप्ताननं घ्यायचा.

यावर कुणी म्हणेल, नौदलाची माणसं ती, त्यांना काय अवघड? म्हणून थोडं मागे जाते.

व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी हे नाव इथल्या ज्येष्ठांनी ऐकलं असेल. 1971 च्या युद्धात त्यांना वीरचक्र मिळालं. निवृत्तीनंतर ते समुद्रकाठी राहिले नाहीत. फलटणजवळ विंचुर्णी नावाचं गाव आहे, माणदेशाच्या अंगाचं, पावसाची वाट बघणारं. तिथे ते राहिले. त्या कोरड्या गावात राहून त्यांनी ध्यास घेतला की एका भारतीयानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी. पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. त्यांचं नौदलातलं काम पाणबुड्याचं, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्याचं. एवढ्या लांबच्या शिडाच्या प्रवासाचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली, आणि बोट बांधली जात असताना दोंदे ती चालवायला शिकत होते. 19 ऑगस्ट 2009 ला ते मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 ला मुंबईत परत आले. एकट्यानं शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मराठी माणूस, मराठी बांधणारा आणि मराठी अॅडमिरल. आपण या गोष्टीचा मोठा गाजावाजा केला नाही, याचं मला नवल वाटतं.

आता मुलींनी नीट ऐका. 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून 'तारिणी' नावाची 56 फुटांची शिडाची बोट निघाली. तीही दिवाडीलाच बांधलेली. त्यात सहा जणी होत्या, नौदलाच्या अधिकारी. 254 दिवसांनी, 21 मे 2018 ला, त्या पृथ्वीला वळसा घालून गोव्यात परत आल्या. त्यांच्या कप्तान वर्तिका जोशी पेशानं नौकारचना अभियंता, म्हणजे माझ्यासारख्याच आराखडे आणि आकडेमोड करणाऱ्या. बाकीच्यांत विमानांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या होत्या, शिक्षण शाखेतल्या होत्या. आणि त्या आल्या होत्या कुठून? कुणी उत्तराखंडातून, कुणी हिमाचलातून, कुणी मणिपुरातून. या राज्यांना समुद्र आहे का? फैजपूरपेक्षाही लांब आहे त्यांना समुद्र. तेव्हा 'आपल्याकडे कुठं समुद्र' हे कारण आता कुणी सांगू नये.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण नाहीतर तुम्ही विचाराल की हिला हे सगळं कुठून सुचलं. मी कुठल्याही जहाजाची कप्तान नाही. गेली काही वर्षं पावसाळा संपला की मुंबईच्या बंदरात रविवारी छोट्या शिडाच्या बोटीवर जाते. तीन-चार माणसांची बोट असते, पाळी आली की सुकाणू माझ्या हाती येतं. आमच्या घरी याला 'पैसे देऊन ओलं होऊन येणं' म्हणतात. मावशीनं तर सरळ विचारलं होतं, 'अगं, त्यातून मिळतं काय?'

मावशी, आज सगळ्यांसमोर उत्तर देते. ऑफिसात मी ज्या माणसांना हुकूम देऊ शकते, ती माझं ऐकतात. वारा ऐकत नाही. तो बदलला की तुम्हीच बदलायचं. शीड उतरवायचं की नाही, असा प्रश्न मनात आला की त्याच क्षणी उतरवायचं, कारण दहा मिनिटांनी ते उतरवायला दुप्पट ताकद लागते. सरकारी कचेरीत, दवाखान्यात, शेतात, घरात, सगळीकडे हे लागू आहे. पण ते वाचून कळत नाही, हाताला दोर कापला की कळतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. जहाज चोवीस तास चालतं, माणूस चालू शकत नाही. कप्तानालाही झोपावं लागतं. म्हणून पाळ्या असतात. पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला सांगतो: दिशा ही, वारा असा, शिडं अशी लावलीत, उजवीकडे एका जहाजाचा दिवा दिसतोय, त्यावर नजर ठेव. येणारा ते आपल्या तोंडानं परत म्हणतो, आणि मगच सुकाणू हातात घेतो. हे दोन मिनिटांचं बोलणं नीट झालं नाही, तर बाकी सगळं कसब वाया. माझ्या मते चांगला कप्तान तो, जो दुसऱ्याच्या हाती सुकाणू देऊन शांत झोपू शकतो. कारण त्यानं दुसऱ्याला तेवढं शिकवलेलं असतं.

आता यावरून मला जे म्हणायचंय, त्याकडे येते.

टाके घालून जहाज शिवण्याची विद्या कशी टिकली? बाजारानं टिकवली नाही, बाजाराला ती नको होती. थोड्या कारागिरांनी ती हातात धरून ठेवली, आणि वेगळ्याच नोकऱ्यांतल्या माणसांनी आपला वेळ देऊन त्यांना काम मिळवून दिलं. जी विद्या पोट भरत नाही, ती पूर्णवेळ माणसाच्या भरवशावर राहत नाही. तिला अर्धवेळ माणसं लागतात.

आपल्या भागात हे नवीन नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरकामात त्या म्हणत गेल्या आणि घरातल्या मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. कुणाचीही ती नोकरी नव्हती. त्या वहीमुळे 1952 साली त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं. ती वही नसती तर त्या ओव्या बहिणाबाईंबरोबरच गेल्या असत्या. आणि आपल्या गावाचं उदाहरण तर आपल्या बोटाशी आहे. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथे झालं. त्याची सजावट करायला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले होते. गांधीजींची इच्छा होती की खेड्यात मिळतं त्यातूनच उभं करावं, म्हणून त्यांनी बांबू आणि इथल्याच वस्तूंमधून ते उभं केलं. तेच नंदलाल बोस तरुणपणी अजिंठ्यात भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला येऊन राहिले होते. म्हणजे अजिंठ्याचं जुनं समोर ठेवून हात तयार केलेला माणूस फैजपुरात आला, आणि ज्या इथल्या माणसांनी बांबू चिरले, दोर वळले, त्यांच्या कामाला त्यानं देशासमोर मान दिला.

त्या माणसांची नावं आज आपल्याला सांगता येतील का? बांबूची पाटी, सूप, कणगी विणणारी किती घरं आपल्या पंचक्रोशीत उरली? अंबाडी पाण्यात कुजवून तिचा दोर वळणारे किती? लाकडी बैलगाडीचं चाक पहिल्यापासून शेवटपर्यंत करू शकणारा सुतार कुठल्या गावात आहे? केळीचं खोड आपण टनांनी टाकतो, पण त्याच्या सोपटाचा बांधायला कसा उपयोग करायचा, हे आपल्या आजोबांना माहीत होतं. आणि आपली बोली? घरी लेवा गणबोली बोलणाऱ्या आजीचे शब्द कुणी लिहून ठेवलेत?

मी भावनेच्या भरात बोलत नाही. बैलगाडीनं पुन्हा प्रवास करा, असंही म्हणत नाही. 'कौंडिण्य'मुळे मालवाहू जहाजं बंद होणार नाहीत. मी एवढंच म्हणते की पंधराशे वर्षांनी कुणाला गरज लागली, तर हातात नुसतं चित्र राहू नये.

तुमच्यापैकी बहुतेक जण माझ्यासारखे चाळिशी-पन्नाशीचे आहात. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणी केळीचे व्यापारी, कुणी पुण्यात, कुणी परदेशात. नोकरीत आता नवीन शिकण्यासारखं फार उरलं नाही असं वाटायला लागतं, आणि तरुण मुलं आपल्यापेक्षा वेगानं पुढे जाताहेत हेही दिसतं. आमच्या धंद्यात तर ते रोज दिसतं. अशा वयात दुसरी, अर्धवेळ जबाबदारी घेणं ही चैन नाही. त्यानं माणूस पुन्हा विद्यार्थी होतो. दोंदे झाले, वर्तिका जोशी झाल्या, अर्थतज्ज्ञ सन्याल झाले.

म्हणून माजी विद्यार्थी मंडळापुढे माझा एक साधा प्रस्ताव आहे. आपण येत्या वर्षात प्रत्येकी एक माणूस निवडायचा, वय सत्तरच्या पुढचं, ज्याच्या हातात एखादी कला किंवा काम आहे. बुरूड असेल, सुतार असेल, विहीर बांधणारा गवंडी असेल, वांग्याच्या भरिताला काडी-कापसाची आच नेमकी किती लागते हे सांगणारी एखादी आजी असेल. त्यांच्याकडे चार वेळा जायचं. पहिल्यांदा नुसतं बघायचं, दुसऱ्यांदा मोबाइलवर चित्रण करायचं, तिसऱ्यांदा मापं आणि नावं लिहून घ्यायची. चौथ्यांदा आपल्या हातानं ते काम करून दाखवायचं आणि 'हे असंच का?' म्हणून विचारायचं. चौथी भेट टाळायची नाही, कारण चित्रणात दोरीचा ताण दिसत नाही. आणि त्यांचा वेळ घेतला तर त्याचा मोबदला द्यायचा, फुकट नको. कारागिराचं कौतुक पुष्कळ होतं, पैसे द्यायची वेळ आली की सगळे घड्याळ बघतात.

हे सगळं एका जागी नीट ठेवण्याचं तांत्रिक काम माझ्याकडे. तेवढं माझ्या रोजच्या नोकरीनं मला शिकवलंय. आठवी-नववीतल्या दोन-दोन मुला-मुलींना प्रत्येकानं बरोबर न्यायचं, म्हणजे पाळी बदलायची वेळ येईल तेव्हा सुकाणू घ्यायला कुणीतरी उभं असेल.

आणि सहलीच्या सरांना आणि बाईंना एक विनंती. यंदा अजिंठ्याला जाल तेव्हा दुसऱ्या लेण्यात पाच मिनिटं जास्त थांबा. मुलांना म्हणावं, जहाज शोधा.

नावं नोंदवायला एक वही बाहेर चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलं आहे, दुसरं मावशीचं आहे.